वऱ्हाडातील धनगर आणि त्याचा श्वान

आपल्या समाजाच्या इतिहासासंबंधी आजवर जे लेखन झाले, त्यात राजघराण्यांची वंशावळ, लढायांची वर्णने आणि पोटशाखांची नामावळी यांनाच बहुधा अग्रस्थान मिळत आले. ते योग्यही आहे. परंतु ज्या सोबत्यावाचून आपल्या पूर्वजांना एक रात्रही रानात निर्भयपणे काढता आली नसती, त्या श्वानाविषयी मात्र चार ओळीही लिहिण्याचे कोणाला सुचले नाही. मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि कुत्र्याचा इतिहास हा वस्तुतः रानाचा, कुरणाचा आणि मेंढपाळाच्या रात्रीचा इतिहास आहे, हे सुज्ञ वाचकांस पुढे दिसून येईल.

शब्दांची साक्ष

ज्यांची दप्तरे नाहीत, त्यांचा इतिहास पुष्कळदा शब्दांत जपलेला असतो. मेंढरांच्या वाड्याभोवती आपण जे जाळे उभारतो त्याला ‘वाघूर’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वागुरा’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ हरणे धरण्याचे जाळे असा आहे. असे जाळे लावणारा तो वागुरिक. म्हणजे जे साधन एके काळी रानातला प्राणी अडकविण्यासाठी होते, तेच पुढे पाळीव प्राण्याच्या रक्षणासाठी आले. शिकारी आणि मेंढपाळ या दोन जीवनपद्धतींमधील नाते यापेक्षा थोडक्यात सांगणारा दुसरा पुरावा आम्हांस ठाऊक नाही. आणि या दोन्ही अवस्थांत माणसाच्या बरोबर जो होता, तो कुत्रा.

अमरकोशकारांनीही कुत्र्यांतील भेद ओळखले होते. शिकारीत कुशल असलेल्या कुत्र्याला त्यांनी ‘विश्वकद्रु’ असे स्वतंत्र नाव दिले आहे, पिसाळलेल्याला ‘अलर्क’ म्हटले आहे, आणि कुत्रीला वेदांतील देवशुनीचेच ‘सरमा’ हे नाव दिले आहे. ऋग्वेदातील सरमा ही पणींनी लपविलेल्या गाई हुडकून काढणारी आहे. पशुधनाचा माग काढणे हे तिचे काम लक्षात घेतले, म्हणजे ती गोपालांची कुत्री होती हे निराळे सांगावयास नको.

याउलट आपल्या मराठी म्हणींनी या प्राण्यावर अन्यायच केला आहे. शेपूट नळीत घातले तरी वाकडे, परिटाचा कुत्रा घरचा ना घाटचा, गाड्याखालून चालणाऱ्याला गाडा आपणच ओढतो असे वाटते, अशी दूषणेच त्याच्या वाट्याला आली. या म्हणी गावकुसाच्या आत जन्मल्या असाव्यात, असे आमचे नम्र मत आहे. ज्याने लांडग्याच्या तडाख्यातून कोकरू सुटलेले पाहिले, त्याच्या तोंडी अशी म्हण येणे कठीण.

प्राचीन अवशेष

महाराष्ट्रात मनुष्य आणि श्वान यांच्या सहवासाचा अत्यंत सुंदर पुरावा नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली सापडला. तेथील चार भरीव ताम्रमूर्तींपैकी एक बैलांचा रथ आहे. दोन बैल जोडलेले आहेत, मागे रथिक उभा आहे, आणि रथाच्या दांड्यावर, त्या रथिकाच्या पुढे, एक कुत्रा उभा आहे. या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. त्या अज्ञात कारागिराला रथ पूर्ण करताना कुत्र्यावाचून तो अपुरा वाटला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरा पुरावा राष्ट्रकूटांच्या काळातील. ज्या तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट वऱ्हाडाला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात देवळी येथे मिळाला, त्याच्याच कारकीर्दीतील, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे आहे. गंग राजा बुतुग याचा सेवक मनलेर याने धन्याकडून ‘काळी’ नावाचे कुत्रे मागून घेतले होते. ते एका रानडुकराशी झुंजले आणि दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ शिला उभारून जमीन लावून दिली गेली. तक्कोलमच्या प्रचंड रणसंग्रामाचा वृत्तान्त आणि एका कुत्र्याच्या मृत्यूची नोंद एकाच दगडावर कोरली जावी, यात त्या काळच्या वीरांना कमीपणा वाटला नाही.

कुलस्वामीचा परिवार

आपल्या समाजाचे आराध्य दैवत जे श्रीखंडोबा, त्यांच्या घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो, हे प्रत्येक घरच्या टाकावर पाहावयास मिळते. खंडोबा हा मार्तंडभैरव, आणि भैरवाचे वाहन श्वान; म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ही योजना सुसंगत आहे. परंतु लोककथेत याहून अधिक जिवंत कारण आढळते. देव शिकारीस निघतात, रानात वाट चुकतात, आणि धनगराची कन्या बाणाई हिच्या वाड्यावर येऊन पोचतात. पुढे तिच्यासाठी मेंढ्या राखण्याची चाकरीही पत्करतात. ज्यांनी आपल्या समाजाचा अनेक वर्षे रानोमाळ हिंडून अभ्यास केला, ते जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाचे वर्णन शिकारी, योद्धे आणि मेंढपाळ या तिघांचा राजा असे केले आहे. या तिन्ही भूमिकांत देवाजवळ कुत्रा आहेच. पूर्वी वाघे लोक देवापुढे कुत्र्याप्रमाणे भुंकत आणि कोटंब्यातील अन्न त्याच भावाने ग्रहण करीत. नवशिक्षितांना ही चाल हास्यास्पद वाटली. तथापि धन्याच्या दारी श्वान होऊन राहणे ही निष्ठेची परमावधी आहे, हा तिच्यामागील भाव ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडातील भाविक ज्या यात्रेस जात आले, त्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरत आले आहे. तसेच वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. दत्तमूर्तीच्या पायाशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ तेथील प्रत्येक कीर्तनात सांगितला जातो. ज्या प्राण्याला स्मृतिकारांनी अस्पर्श ठरविले, त्यालाच भक्तांनी वेदांचे रूप दिले, हे आपल्या धर्मपरंपरेचे औदार्य होय.

हटकर आणि मृगया

आता वऱ्हाडाकडे वळू. गाविलगडचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे, ते पयानघाट. आणि दक्षिणेस वाशीमकडील उंच माळरानाचा प्रदेश, तो बालाघाट. पहिला कपाशीचा, दुसरा गवताचा. आपल्या हटकर बांधवांची जुनी वस्ती प्रामुख्याने या दुसऱ्या भागात, पैनगंगेच्या उत्तरेकडील टेकड्यांत होती. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वाशीमच्या आसपास राहणाऱ्या हटकरांचा उल्लेख करून ते मानी व सहजी न नमणारे आहेत, त्यांचे एक हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ आहे, असे नमूद केले आहे. १८१९ साली नोव्हाच्या गढीत निजामाच्या फौजेशी झुंजणारे नौसाजी नाईक याच परंपरेतले.

इंग्रजी अमदानीत आल्फ्रेड लायल यांनी १८७० साली वऱ्हाडचे गॅझेटिअर सिद्ध केले. त्यात हटकरांच्या अंत्यविधीविषयी एक मार्मिक नोंद आहे. लढाईत किंवा शिकारीत जखमी होऊन ज्याला मरण आले त्याला अग्नी देत. इतरांना मांडी घातलेल्या स्थितीत, मुखात सोन्याचा कण ठेवून, पुरीत. या नोंदीचे मर्म असे की, आपल्या पूर्वजांनी रणभूमी आणि मृगया यांना एकाच पंक्तीस बसविले होते. रानडुकराच्या सुळ्याने अथवा वाघाच्या पंजाने आलेला मृत्यू त्यांना वीराचाच मृत्यू वाटे. आणि अशा मृगयेत धन्याच्या पुढे धावणारा कुत्रा हा त्या वीरमरणाचा पहिला वाटेकरी असे.

शिकार ही वऱ्हाडात आपल्याच समाजाची मिरासदारी होती, असे मात्र कोणी समजू नये. मेळघाटातील कोरकू, तांड्यातांड्यांनी बैलांवर धान्य व मीठ लादून फिरणारे बंजारा, आणि पारधी या सर्वांचा रानाशी तितकाच निकट संबंध होता. बंजाऱ्यांच्या तांड्यात रात्री गोण्यांची रास रचून तिच्याभोवती कुत्रे मोकळे सोडीत. त्यांच्या उंच, सडपातळ व चपळ कुत्र्यांची ख्याती सर्व दक्षिणेत होती. सावकाराकडे कुत्रा गहाण ठेवणाऱ्या बंजाऱ्याची आणि त्या इमानी प्राण्याच्या करुण अंताची कथा मध्य भारतात अनेक ठिकाणी सांगतात. छत्तीसगडात खपरी येथे कुकुरदेवाचे देऊळच आहे. पारध्यांतील फासेपारधी हे नावाप्रमाणे फासे लावण्यात निष्णात. १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन पुढे या समाजाच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला, तो १९५२ साली पुसला गेला. परंतु रान वाचण्याची जी विद्या त्यांच्यापाशी होती, तिचे मोल समाजाला अद्याप पुरतेपणी कळलेले नाही.

वाड्याचा राखणदार

मृगया ही सणासुदीची गोष्ट. वाडा ही रोजची. पावसाळा सरला, शेते मोकळी होऊ लागली, की आपली बिऱ्हाडे तट्टांवर लादून निघत. शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेई आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देई. अशा प्रवासात दिवसा कुत्र्याचे काम फारसे दिसत नसे. तट्टाच्या सावलीने तो मुकाट्याने चाले. पाहणाऱ्यास तो आळशी वाटे. त्याची खरी चाकरी दिवेलागणीनंतर सुरू होई.

जगात मेंढपाळांचे कुत्रे दोन प्रकारचे आढळतात. एक हाकणारे, दुसरे राखणारे. स्कॉटलंडमधील कॉली हा पहिल्या प्रकारचा; धन्याच्या शिटीसरशी तो कळप वळवितो. तुर्कस्तानापासून हिमालयापर्यंतचे थोराड कुत्रे दुसऱ्या प्रकारचे. आपल्या मेंढपाळांचा कुत्रा हा राखणाऱ्यांपैकी होय. कळप हाकण्याचे काम आपल्याकडे माणसाचा कंठ करतो. मेंढपाळाची ती विशिष्ट साद मेंढरांना पुरेशी असते. जेथे लांडगा, तरस आणि बिबट्या यांचा वावर आहे, तेथे कळप वळविण्यापेक्षा तो शाबूत राखणे हेच अधिक मोलाचे, म्हणून आपल्या पूर्वजांनी राखणीच्या गुणाचीच निवड केली.

राखणारा कुत्रा घडतो कसा, हेही सांगण्याजोगे आहे. पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांच्या सहवासात वाढले, की त्याला मेंढराचा वास आपल्या गोताचा वाटू लागतो. पुढे मोठे झाल्यावर ते कळपाला भक्ष्य समजत नाही. कळपावर येणाऱ्याला मात्र वैरी समजते. लांडगे एकटे-दुकटे येत नाहीत. एक पुढे येऊन कुत्र्यांना भुलवून दूर नेतो आणि दुसरे मागल्या अंगाने कळपात शिरतात, असा मेंढपाळांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून जाणता मेंढपाळ एकाच कुत्र्यावर विसंबत नसे. एक पाठलाग करी, दुसरा वाड्याशी खिळून राही. न हलणाऱ्या त्या दुसऱ्याचे मोल अधिक मानीत.

या चाकरीचा मोबदला काय? ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, थोडे ताक आणि घोंगडीच्या कडेला ऊब. घरधनीण भाकरी करताना कुत्र्याचा वाटा मोजूनच पीठ मळी. वाड्यावरची लहान मुले त्याच्या अंगावर लोळत आणि बाया माणसे पाण्याला गेली म्हणजे पाळण्यातल्या मुलापाशी तोच बसे. तो वाघ्या, मोत्या, काळू या नावांनी कुटुंबातला गणला जाई. शिकारीचा सोबती, धनाचा राखणदार आणि घरातले माणूस या तिन्ही नात्यांचा संगम आमच्या मते अन्यत्र क्वचितच आढळेल.

रिद्धपूरचा धडा

शिकारीचा गौरव करीत असताना याच वऱ्हाडच्या भूमीतून उमटलेला दुसरा सूर विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. त्यांपैकी एका लीळेत पारध्यांनी सशावर कुत्री सोडली आहेत आणि त्या सशावर पैजही लागली आहे. जीव घेऊन धावणारा ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी येऊन आपला ससा मागतात. स्वामी, शरण आलेल्याला सोडता येत नाही असे सांगून, त्या निरपराध प्राण्याला मारण्यात पुरुषार्थ कोणता, असे शांतपणे विचारतात. पारधी विरघळतात, आणि मग स्वामी सशाला मोठ्या आदराने जावयास सांगतात.

इतिहासाच्या दृष्टीने या लीळेचे महत्त्व दुहेरी आहे. कुत्री सोडून सशाची पारध करण्याची व तीवर होड लावण्याची चाल सातशेहून अधिक वर्षांपूर्वी रूढ होती, हे तिच्यावरून कळते. आणि त्याच काळी त्या चालीविरुद्ध मराठी भाषेत करुणेचा शब्द उच्चारला गेला होता, हेही कळते. नामदेवांनी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची कथाही याच भावनेची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली, तेव्हा काही वृद्धांना तो परका हुकूम वाटला. वस्तुतः त्याचे बीज आपल्याच मातीत होते.

पुतळा आणि पुरावा

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे भाग आहे. रायगडावर छत्रपती शिवाजीमहाराजांच्या समाधीजवळ असलेले वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले, आणि त्यास इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीचे साहाय्य होते. त्यामुळे आपल्या समाजाला त्याविषयी आपुलकी वाटते. ऑगस्ट २०११ मध्ये तो पुतळा काढण्यात आला व थोड्याच दिवसांत पुन्हा बसविला गेला. २०२५ मध्ये तो वाद पुनः उपस्थित झाला. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याची कथा हृदयस्पर्शी आहे, परंतु तिला शिवकालीन कागदपत्रांचा आधार मिळालेला नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने स्पष्टपणे सांगितले पाहिजे. होळकरांचे औदार्य त्यामुळे उणे होत नाही आणि शिवछत्रपतींविषयीची आपली भक्तीही त्या कथेवर अवलंबून नाही.

ज्यास आधार आहे अशी गोष्ट हवी असेल, तर सातारच्या शाहू छत्रपतींची घ्यावी. वाघाच्या शिकारीत आपले प्राण वाचविणाऱ्या कुत्र्याला त्यांनी रीतसर सनदेने जहागीर दिली व पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या बखरीत लिहिले आहे. परंपरेने त्याचे नाव खंड्या. कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली येथे त्याची समाधी आजही दाखवितात. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या समाजाचा व श्वानाचा संबंध एका पुतळ्याच्या राहण्याजाण्यावर तोलला जाऊ नये. तो वाघुरीच्या दोरीत, देवाच्या टाकावर आणि लायलच्या नोंदीत अधिक भक्कमपणे उभा आहे.

काळाचा फेरा

या सोबत्याचे दिवस पालटले कसे, हे आता थोडक्यात पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून गेला. तांड्यांची लदेणी संपली, आणि पडीक गवताळ जमिनी नांगराखाली आल्या. पुढे जंगलखात्याने राखीव वने, रमणे व बाभूळबने यांची आखणी केली आणि चराईवर कर व निर्बंध आले. १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाला. यांतील प्रत्येक निर्णयामागे काही कारण होते. पण प्रत्येकाने मेंढपाळाची वाट थोडीथोडी अरुंद केली. कुरण गेले तसा कळप घटला, आणि कळप घटला तसे कुत्र्याचे कामही गेले.

रानातही बदल झाले. मेळघाटातील कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हा आपल्या कुत्र्याहून सर्वस्वी निराळा प्राणी. इंग्रजी राजवटीत त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे, आज तो संरक्षित आहे. माळरानावरचा लांडगाही विरळ झाला. मोकाट कुत्र्यांकडून पिसाळी व इतर रोग वन्यपशूंत पसरतात; पुणे भागातील गवताळ रानांत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने अलीकडे सिद्ध झाले आहे. ज्या कुत्र्याला धनी व काम उरले नाही, तो रानालाही उपद्रव होतो आणि गावालाही. हा दोष त्या प्राण्याचा नसून त्याला टाकून देणाऱ्याचा आहे.

दुसरीकडे, मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी तेथील शिकारी कुत्र्यांची जात जोपासली, म्हणून आज तिचे नाव देशभर आहे. २००५ साली भारतीय डाक खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि अलीकडे सैन्यानेही तिला प्रशिक्षण दिले. राजाश्रय मिळाला ती जात तरली. वऱ्हाडच्या वाड्यावरच्या कुत्र्याला ना राजा मिळाला, ना नाव. शहरांतून विदेशी कुत्रे हौसेने पाळले जातात. परंतु वैशाखात उघड्या माळावर, भाकरी-ताकावर राहून रात्रभर जागणारे रक्त एकदा संकरात हरवले, तर ते विकत मिळणार नाही.

आपले कर्तव्य

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. ज्या घरी अद्याप मेंढरे आहेत, त्यांनी आपल्या कुत्र्याचे वाण जाणीवपूर्वक राखावे. कोणत्या कुत्रीची पिल्ले कोणाकडे गेली याची साधी वही ठेवावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रतिवर्षी पिसाळीची लस टोचून घ्यावी. १८८५ साली पाश्चरने मानवजातीला दिलेले हे वरदान आपल्या वाड्यापर्यंत पोचू नये, हे लाजिरवाणे आहे. शिकारीची कला कायद्याने व करुणेने मागे पडली, तिचा शोक करू नये. राखणीची कला मात्र आजही तितकीच आवश्यक आहे. आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी वृद्ध मेंढपाळांपाशी बसून कुत्र्यांची नावे, त्यांना घालावयाच्या सादा, लांडग्याच्या चाली आणि वाड्याच्या रीती लिहून घ्याव्यात. ती माणसे गेली म्हणजे कोणतेही दप्तर ही माहिती देऊ शकणार नाही.

पांडवांपैकी जो स्वर्गाच्या दारापर्यंत पोचला, त्याने बरोबर आलेल्या श्वानाला सोडून आत पाऊल टाकण्यास नकार दिला, असे महाभारत सांगते. शिक्षण, नोकरी, उद्योग या मार्गांनी आपला समाजही आज एका नव्या दाराशी येऊन ठेपला आहे. आत अवश्य जावे. परंतु ज्याने आपल्या पूर्वजांच्या हजारो रात्री जागून काढल्या, त्याला बाहेर विसरून जाऊ नये, इतकेच सांगून श्रीखंडोबाच्या चरणी मस्तक ठेवून हा लेख पुरा करतो.